अंगणात रॅटलस्नेक निघाला, मारला तर गुन्हा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲरिझोनातल्या फिनिक्सच्या उत्तरेला, वाळवंटाला लागून असलेल्या नव्या वसाहतीत घर घेतलंत. आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत. सकाळी बाबा झाडांना पाणी घालायला मागे गेले तर बार्बेक्यूच्या ग्रिलखाली वेटोळं घालून रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीला खुळखुळा असलेला विषारी साप, बसलेला. शेजारी म्हणाला, फावडं घे आणि मार, इथे सगळे तेच करतात. न्यू जर्सीतले तुमचे मेहुणे फोनवर म्हणाले, हात लावू नकोस, तुरुंगात जाशील. खरं कोणाचं, आणि हा साप खरोखर नामशेष व्हायला आलाय की उगाच बोभाटा आहे, हे तुम्हाला हवंय.

मी सांगली जिल्ह्यात सर्पमित्र म्हणून काम करायचो. आता बरीच वर्षं ॲरिझोनात लोकांच्या घरांतून साप काढून रानात सोडायचं काम करतो. तुमच्यासारखा फोन उन्हाळ्यात जवळजवळ रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेहुण्यांचं न्यू जर्सीपुरतं बरोबर आहे. शेजाऱ्याचं ॲरिझोनापुरतं अर्धंच बरोबर आहे. आपल्याकडे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळ्या देशाला एकच आहे. नाग नाशिकमध्ये मारला काय आणि भोपाळमध्ये मारला काय, कलम तेच लागतं. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर त्या कायद्यात सूट आहे, तीही देशभर सारखीच. अमेरिकेत वन्यप्राणी हा मुळात राज्यांचा विषय. त्यामुळे एकाच जातीचा साप नदीच्या अलीकडे संरक्षित आणि पलीकडे शिकारीचा, असं सर्रास असतं. म्हणून ‘अमेरिकेत रॅटलस्नेक मारता येतो का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कुठला साप, कुठल्या राज्यात, कोणाच्या जमिनीवर आणि कशासाठी मारला, एवढं कळल्याशिवाय बोलता येत नाही.

आधी तुमच्या राज्याचं. ॲरिझोनात रॅटलस्नेकच्या तेरा जाती आहेत, इतक्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाहीत. यातले बहुतेक साप मारायला किंवा पकडून ठेवायला शिकारीचा वैध परवाना लागतो आणि किती मारायचे यावर मर्यादा असते. तुमच्या शेजाऱ्याला हे ठाऊक नसावं, बहुतेकांना नसतंच. शिवाय रिज-नोज्ड, ट्विन-स्पॉटेड, रॉक रॅटलस्नेक आणि मॅसासॉगा या चार जातींना परवाना असला तरी हात लावता येत नाही. या चौघी तुमच्या वसाहतीत येणार नाहीत. पहिल्या तीन आग्नेयेकडच्या डोंगरांत असतात आणि मॅसासॉगा तिकडच्याच गवताळ पट्ट्यात उरली आहे. पण पोरांना घेऊन चिरिकाहुआच्या डोंगरात फिरायला गेलात तर तिथे गाठ पडू शकते. रिज-नोज्ड तर ॲरिझोनाचा राज्य-सरपटणारा प्राणी आहे.

आता स्वसंरक्षण. राज्याच्या कायद्यात सरळ लिहिलंय की स्वतःला किंवा दुसऱ्या माणसाला वाचवण्यासाठी तत्काळ गरज म्हणून प्राणी मारला तर तो गुन्हा नाही. यातला ‘तत्काळ’ महत्त्वाचा. साप बाबांच्या पायाशी फणकारतोय आणि मागे भिंत आहे, हे तत्काळ. साप ग्रिलखाली झोपलाय, बाबा आत येऊन चहा पितायत आणि तुम्ही गॅरेजमधून फावडं शोधून आणताय, हे तत्काळ म्हणणं अवघड आहे. आणि खरंच मारावा लागला तर राज्याच्या वन्यजीव विभागाला पाच दिवसांत कळवायचं असतं, मेलेला साप किंवा त्याचा खुळखुळा आठवण म्हणून ठेवून घ्यायचा नसतो. अंगणातला साप मारला म्हणून कोणावर खटला भरल्याचं माझ्या पाहण्यात नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. बंदुकीची गोष्ट मात्र वेगळी. वस्तीत गोळी झाडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. सापापेक्षा त्याच्यात माणूस जास्त अडकतो, तेव्हा शेजाऱ्याने पिस्तूल देऊ केलं तर नको म्हणा.

मेहुण्यांच्या बाजूला वेगळं चित्र आहे. तिकडचा टिंबर रॅटलस्नेक न्यू जर्सीत संकटग्रस्त यादीत आहे. किटॅटिनीच्या डोंगररांगेत आणि दक्षिणेला पाइन बॅरन्सच्या जंगलात तो उरलाय. त्याला मारणं, पकडणं, छळणं, सगळंच बेकायदा, अगदी आपल्या अंगणात आला तरी. न्यू जर्सीतल्या एडिसनची कितीतरी मराठी कुटुंबं शनिवार-रविवारी डेलावेअर वॉटर गॅपला किंवा सीमेपलीकडे न्यूयॉर्कमधल्या हॅरिमन पार्कला ट्रेकला जातात. दोन्हीकडे हा साप आहे. न्यूयॉर्कमध्ये 1983 पासून तो संरक्षित आहे. वॉटर गॅपचा पट्टा राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात असल्यामुळे तिथे केंद्राचा नियम लागतो, आणि परवान्याने होणारी शिकार सोडली तर त्या नियमाने वन्यप्राणी मारता येत नाही, साधा धामणीसारखा बिनविषारी सापसुद्धा. ग्रँड कॅन्यनला गेलात तरी हेच.

पेनसिल्व्हेनियाचा नियम मला सगळ्यात विचारपूर्वक केलेला वाटतो. तिथे परवाना काढून टिंबर रॅटलस्नेकची शिकार करता येते. पण वर्षाला एकच साप, तोही किमान 42 इंच लांब, आणि नर. नर ओळखायचा तो शेपटीच्या खालच्या बाजूचे खवले मोजून. गुदद्वारापासून खुळखुळ्यापर्यंत 21 किंवा त्याहून जास्त खवले असले तर नर धरायचा, कमी असले तर सोडून द्यायचा. मादीची शेपटी आखूड असते म्हणून हा हिशेब जमतो. मादीला एवढं का जपलंय ते पुढे सांगतो, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सगळं उत्तर तिथेच आहे.

बाकी राज्यं धावती. कॅलिफोर्नियात ठरावीक मर्यादेत रॅटलस्नेक मारायला परवानाही लागत नाही. जॉर्जियात तर उलटाच प्रकार, बिनविषारी सापांना कायद्याचं संरक्षण आणि विषारी सापांना जवळजवळ काहीच नाही.

या सगळ्याच्या वर केंद्राचा 1973चा संकटग्रस्त प्रजाती कायदा. त्यात रॅटलस्नेकपैकी मोजकेच आहेत. न्यू मेक्सिको रिज-नोज्ड 1978 मध्ये आला, आणि मिशिगन, ओहायो, इलिनॉय या भागातल्या पाणथळ जागांत राहणारा ईस्टर्न मॅसासॉगा 2016 मध्ये. यांना मारलं तर मोठा दंड आणि कैद दोन्ही होऊ शकते. जीव वाचवण्यासाठी मारला तर इथेही सूट आहे, पण ती माणसाला होऊ घातलेल्या इजेपुरती. कुत्र्याच्या मागे साप लागला म्हणून मारला, हे त्यात बसत नाही. आणखी एक कायदा माहीत असू द्या: 1900चा लेसी कायदा. एका राज्यात बेकायदा मारलेला साप, त्याची कातडी किंवा खुळखुळा दुसऱ्या राज्यात नेऊन विकला की केंद्राचा गुन्हा होतो.

आता नामशेष होण्याचा प्रश्न.

आंतरराष्ट्रीय लाल यादी उघडलीत तर तुमच्या अंगणातला साप, बहुधा वेस्टर्न डायमंडबॅक जातीचा, ‘चिंता नसलेल्या’ वर्गात दिसेल. टिंबर रॅटलस्नेकही त्याच वर्गात, आणि केंद्राने संरक्षण दिलेला ईस्टर्न मॅसासॉगाही त्याच वर्गात आहे. शेजाऱ्यासारखे लोक हे दाखवून म्हणतात, बघा, भरपूर आहेत. पण तो वर्ग जातीचा एकूण विस्तार बघून ठरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये टिंबर रॅटलस्नेकची आज एकच ज्ञात वसाहत उरली आहे. 2006च्या सुमाराला बुरशीच्या रोगाने ती जवळपास निम्म्यावर आली. ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांतून तो संपलाच. टेनेसीत साप भरपूर असले म्हणून ऱ्होड आयलंडमध्ये ते परत उगवत नाहीत. मेक्सिकोत सांता कॅटलिना बेटावर एक रॅटलस्नेक आहे, त्याला खुळखुळाच नाही, जगात दुसरीकडे कुठेही तो सापडत नाही आणि तो अतिसंकटग्रस्त आहे. म्हणजे ‘रॅटलस्नेक’ या नावाखाली अगदी सुखरूप जातीही आहेत आणि काठावर आलेल्याही. एकाच वाक्यात सगळ्यांचं उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मादीचं म्हणत होतो. आपण घोणस पाहिलेली माणसं. घोणसही रॅटलस्नेकसारखीच अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि देते ती एका वेताला वीस-तीस, कधी चाळीसच्या वर. दोन-तीन वर्षांत वयात येते. उसाच्या फडात उंदीर मुबलक, त्यामुळे शेतकऱ्यांनी मारूनही घोणस टिकून राहिली. तोच हिशेब आपण नकळत इथे लावतो. पण उत्तरेकडच्या थंड राज्यांतल्या टिंबर रॅटलस्नेकची मादी पहिल्यांदा वितेपर्यंत सात ते दहा वर्षांची झालेली असते. त्यानंतर दर वर्षी नाही, तीन-चार वर्षांनी एकदा, आणि पिल्लं सहा ते दहा. त्यातली बरीच पहिल्याच हिवाळ्यात मरतात. तिचं सगळं गणित दीर्घायुष्यावर उभं आहे. पंचवीस-तीस वर्षं जगली तर कुठे चार-पाच वेळा विणार. अशी एक मोठी मादी मारली की पुढची कित्येक वेतं गेली. पेनसिल्व्हेनियात खवले मोजायला लावतात ते यासाठी.

त्यातही वाईट म्हणजे गाभण मादी सगळ्यात आधी माणसाच्या नजरेस पडते. पोटातल्या पिल्लांना ऊब हवी म्हणून ती उन्हाळाभर उघड्या खडकावर, झाडी नसलेल्या ठिकाणी ऊन खात पडून असते. फारसं खातही नाही. पिल्लं झाल्यावर त्यांची पहिली कात निघेपर्यंत, म्हणजे आठवडा-दहा दिवस, त्यांच्याजवळ राहते. हे मी खूप जवळून पाहिलंय, आमच्याकडच्या जातींतही. ढोलीच्या तोंडाशी आई आडवी पडलेली असते आणि पेन्सिलएवढी पिल्लं तिच्या अंगावरून आत-बाहेर करत असतात. त्या पिल्लांच्या शेपटीला एकच गोल गाठ असते, वाजायला दुसरं कडं अजून आलेलंच नसतं. प्रत्येक कातीबरोबर एक कडं वाढतं, वर्षाला एक नव्हे, त्यामुळे कडी मोजून वय सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

थंड प्रदेशात हे साप हिवाळ्यात एकाच बिळात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या कड्याच्या भेगांत, पिढ्यान् पिढ्या एकत्र उतरतात. ती जागा एकदा कळली की एका दुपारी सगळी वसाहत संपवता येते. आणि संपवल्याही. मिनेसोटात 1989 पर्यंत रॅटलस्नेकच्या शेपट्या आणून दिल्या की सरकारी बक्षीस मिळायचं. न्यूयॉर्क आणि व्हर्मॉन्टमध्येही अशी बक्षिसं होती. बक्षिसं बंद झाली आणि पुढे त्याच राज्यांनी तोच साप संरक्षित केला. ज्या पिढीने शेपट्या विकल्या तिच्या हयातीतच हे उलटलं.

टेक्सासमधल्या स्वीटवॉटरला 1958 पासून दर वर्षी मार्चमध्ये रॅटलस्नेक पकडून आणायचा मेळा भरतो. हजारो पौंड वजनाचे साप येतात, तिथेच सोलले जातात, मांस तळून विकतात. हे साप बिळाबाहेर काढायला कित्येकजण बिळात पेट्रोलच्या वाफा सोडतात, त्यात सापांबरोबर बेडूक, सरडे, कोळी, बिळातलं सगळंच गुदमरतं. वेस्टर्न डायमंडबॅकचा विस्तार प्रचंड असल्यामुळे जात म्हणून तो टिकून आहे, तरी हा प्रकार मला सहन होत नाही आणि त्याला परंपरा म्हणून झाकणंही पटत नाही. जॉर्जिया-फ्लोरिडाकडच्या ईस्टर्न डायमंडबॅकचं दुखणं जास्त खोल आहे. तो लाँगलीफ पाइनच्या जंगलात राहतो, कासवांनी खणलेल्या बिळांत आसरा घेतो. ते जंगल एके काळी 9 कोटी एकर होतं, तोडून तोडून 30 लाख एकरांच्या आसपास उरलं. जंगल गेलं, बिळं गेली आणि राहिलेल्या सापांवर मेळे. जॉर्जियातल्या क्लॅक्स्टनने 2012 मध्ये आपला मेळा बदलून त्याचा वन्यजीव महोत्सव केला. आता लोक जिवंत साप बघायला येतात, गावाचं उत्पन्नही बुडालं नाही. बदल होऊ शकतो याचं हे माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण.

तुमच्या अंगणातला डायमंडबॅक यातला नाही. तो मारलात तर जात संपणार नाही. तरीही मारू नका असं मी म्हणतो, आणि त्यात सापाच्या दयेइतकीच तुमच्या बाबांची काळजी आहे. फावड्याने मारायचा म्हणजे फावड्याच्या दांड्याएवढ्या अंतरावर जायचं. शांत पडलेला साप त्या अंतरावर चवताळतो. अमेरिकेत दर वर्षी सात-आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि साधारण पाच मरतात. यातले बरेचसे दंश साप मारताना, पकडताना किंवा हाताळताना होतात. डोकं तोडलं तरी धोका संपत नाही. तुटलेलं डोकं बराच वेळ चावू शकतं आणि विष पूर्ण सोडतं. टेक्सासमध्ये 2018 साली एक माणूस असाच, मारलेल्या सापाचं डोकं उचलताना चावून घेऊन मरता मरता वाचला.

म्हणून साप दिसला की एवढंच करा. दहा-बारा फूट लांब उभं राहून नजर ठेवा, पोरं आणि कुत्रा आत घ्या आणि परवानाधारक साप पकडणाऱ्याला बोलवा. काही गावांत अग्निशमन दलही येतं. डोळ्याआड होऊ देऊ नका, नाहीतर आम्ही येऊन तासभर कुंड्या हलवत बसतो. आणि आम्ही तो जवळच्याच रानात सोडला की रागावू नका. ‘लांब नेऊन सोडा’ असं सगळेच म्हणतात. पेनसिल्व्हेनियात 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रेडिओ लावून दूर सोडलेल्या टिंबर रॅटलस्नेकपैकी निम्म्याहून जास्त मेले, मूळ जागच्या सापांत मरणारे फार थोडे होते. अनोळखी जागी साप सैरभैर फिरत राहतो, त्याला ना बीळ सापडत ना शिकार. दूर सोडणं म्हणजे हळूहळू मारणंच झालं.

पुन्हा येऊ नये म्हणून सापाच्या मागे न लागता घराच्या मागे लागा. फिनिक्सकडच्या विटांच्या कुंपणांना पाणी जायला खाली भोकं असतात, ती पाव इंची जाळीने बंद करा. फाटकाखालची फट रबराच्या पट्टीने बुजवा. ग्रिल, पोहण्याच्या तलावाचा पंप, एसीचा बाहेरचा भाग यांच्या खाली सावली आणि ओल असते, मे ते सप्टेंबर साप तिथेच येतो. पक्ष्यांना दाणे घालत असाल तर उंदीर येतात आणि उंदरांमागे हा येतो. डांबराच्या गोळ्या पसरू नका. सापावर काडीचा परिणाम होत नाही आणि लेबलवर नसलेल्या कामाला कीटकनाशक वापरणं इथे केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे.

बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा. भारतात वर्षाला अंदाजे 58,000 माणसं सर्पदंशाने जातात, त्यामुळे त्यांची भीती खरी आहे, तिला हसू नका. पण चावलेला साप मारून डॉक्टरला दाखवायला न्यायची आपल्याकडची सवय इथे नको. इथली क्रोफॅब आणि ॲनाव्हिप ही दोन्ही प्रतिविषं अमेरिकेतल्या सगळ्या रॅटलस्नेकवर चालतात, कुठला चावला हे दाखवायची गरज नसते. दंश झाला तर अंगठी-घड्याळ काढा, हातपाय फार हलवू नका, 911 लावा. चीर नको, चोखणं नको, आवळून बांधणं नको, बर्फ नको.

आणि हे मात्र आजच तपासा: आई-बाबांच्या प्रवास विम्यात सर्पदंशाचा खर्च येतो का. प्रतिविषाच्या एकेका कुपीला हजारो डॉलर पडतात, आणि एका दंशाला चार-सहापासून वीसच्या वर कुपी लागू शकतात. विमा कंपनीला फोन करताना प्रतिविषाबद्दल नाव घेऊन विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या.